हवेतली परीक्षा आणि माणदेशातली जमीन

आटपाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी मला एक माहितीपत्रक पाठवले. सोबतच्या पत्रात एकच प्रश्न होता, ‘यातली कोणती कॉइल खरी?’

पत्रक धातुशोधक यंत्राचे होते. मूळ मजकूर परदेशातल्या वाळवंटात सोन्याचे नैसर्गिक खडे शोधणाऱ्या हौशी लोकांसाठी लिहिलेला असावा. चित्रात तांबडी उजाड जमीन आणि तळहातावर एक पिवळा खडा होता. विक्रेत्याने मराठी करताना त्यात ‘गुप्तधन’ हा शब्द घातला होता. मधोमध एक तक्ता होता. त्यात १५, २८ आणि ४५ सेंटिमीटर व्यासाच्या तीन कॉइल आणि प्रत्येकीपुढे नाणे किती अंतरावरून ओळखले जाते ते. तक्त्याखाली ठळक ओळ होती : कॉइल जितकी मोठी, तितकी खोली जास्त. मोठ्या कॉइलने म्हणे दहा फुटांवरचे सोने कळते.

सरांच्या गावात एका शेतकऱ्याने हे यंत्र दोन दिवस भाड्याने घेतले होते. देवळासमोर प्रात्यक्षिक झाले. यंत्रवाल्याने रुपयाचे नाणे कॉइलसमोर हवेत धरले आणि यंत्र वाजले. मग शेतात गेल्यावर तालीच्या कडेने यंत्र जागोजागी वाजू लागले. तिथे खणले. सापडली ती खापरे आणि काळे दगड. जिथे खणले तिथे ताल कमकुवत झाली, पुढच्या वळवाच्या पावसात फुटली आणि वरची माती ओढ्याला गेली. मुलांनी सरांना विचारले, ‘यंत्र खोटं होतं, का जमिनीत खरंच काही होतं?’

प्रश्न चांगला आहे, कारण दोन्ही पर्याय चूक आहेत. यंत्र खरे होते आणि जमिनीतही काहीतरी होते. फक्त ते सोने नव्हते. माझे काम खडकांच्या चुंबकत्वाशी संबंधित असल्यामुळे मी त्या तक्त्याचे परीक्षण करायचे ठरवले, एखाद्या पुस्तकाचे करावे तसे.

कॉइल करते काय?

पाठ्यपुस्तकात जिला आपण कुंतल म्हणतो, तीच ही कॉइल. तिच्यातून बदलती विद्युतधारा सोडली की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की फॅरेडेच्या नियमाप्रमाणे त्यात भोवऱ्यासारख्या धारा फिरू लागतात. या धारांचेही स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. ते कॉइलपर्यंत परत येते आणि यंत्र वाजते. थोडक्यात, कॉइल एक हाक देते आणि धातूकडून आलेला प्रतिसाद ऐकते.

हे तत्त्व जुने आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरातली गोळी कुठे आहे हे शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच यंत्र तयार केले. प्रयोगशाळेत ते चालले, अध्यक्षांच्या पलंगापाशी मात्र गोंधळले. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. म्हणजे यंत्राची परीक्षा एका जागी झाली आणि ते वापरले दुसऱ्या जागी. आपल्या तक्त्यातही नेमके हेच झाले आहे. पण त्याकडे येण्याआधी तक्त्यातला पहिला दावा तपासू.

मोठी कॉइल म्हणजे जास्त खोली?

गोल कॉइलच्या अक्षावरचे चुंबकीय क्षेत्र काढण्याचे सूत्र बारावीच्या भौतिकशास्त्रात आहे. वेढे आणि धारा सारखी ठेवली, तर क्षेत्र हे त्रिज्येचा वर्ग भागिले (त्रिज्येचा वर्ग अधिक अंतराचा वर्ग) याचा दीडवा घात, या प्रमाणात असते. हाक जाताना जितकी क्षीण होते तितकाच प्रतिसादही येताना क्षीण होतो. म्हणून शेवटी हाती येणारा संकेत या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात धरायचा. गणकयंत्र घेऊन विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे.

१५ सेंटिमीटर आणि ४५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन कॉइल घेऊ. लहानसा धातूचा खडा ५ सेंटिमीटर खोलीवर असेल, तर लहान कॉइलचा संकेत मोठीच्या सुमारे साडेतीन पट निघतो. तोच खडा २० सेंटिमीटरवर नेला, तर पारडे फिरते आणि मोठीचा संकेत लहानीच्या सुमारे दहा पट होतो. साधारण ९ सेंटिमीटरवर दोघी बरोबरीत येतात. तेव्हा ‘मोठी चांगली’ हे विधान अर्धेच खरे आहे. कोणत्या खोलीसाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ठरावीक खोलीवर सर्वांत जास्त क्षेत्र देणारी त्रिज्या हवी असेल, तर ती खोलीच्या सुमारे १.४ पट येते. कलन शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे छान उदाहरण आहे.

आता दहा फुटांचा दावा पाहू. ४५ सेंटिमीटरची कॉइल घ्या. खडा एका फुटावरून दोन फुटांवर नेला की संकेत सुमारे २५ पट घटतो. दोनावरून चार फुटांवर नेला की आणखी ४८ पट. खोली वाढत जाते तसतशी दर दुपटीमागची घट ६४ पटींच्या जवळ जाते. एका फुटावरून थेट दहा फुटांवर गेलो, तर संकेत अडीच लाख पटींहून जास्त घटलेला असतो. एका फुटावर ज्याची कुजबुज ऐकू येते, त्याची दहा फुटांवर काय अवस्था होईल हे सांगायला नको.

विक्रेत्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मीटरभर रुंदीच्या चौकटीची कॉइल लोखंडी पेटी किंवा नाण्यांनी भरलेला हंडा यांसारखी मोठी वस्तू मीटरभर खोलीवरही ओळखू शकते, कारण वस्तू मोठी तसा तिचा प्रतिसादही मोठा. पण तीच कॉइल ज्वारीच्या दाण्याएवढा खडा पायाखाली असला तरी दाखवणार नाही. एकाच तक्त्यात ‘सोन्याचे खडे’ आणि ‘गुप्तधन’ बसवणे म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण यांची एकाच रकान्यात तुलना करणे होय.

तक्ता आणखी एका बाबतीत गप्प आहे, ती म्हणजे कॉइलची बांधणी. काही कॉइलमध्ये एकच वेटोळे हाक देते आणि प्रतिसादही ऐकते. दुसऱ्या प्रकारात इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात. एक हाक देते, दुसरे ऐकते आणि मांडणी अशी असते की पहिल्याची सरळ हाक दुसऱ्याला जवळपास ऐकूच येत नाही. सौम्य जमिनीत एकवेटोळी कॉइल साधारणपणे जास्त खोल जाते, तर लोहयुक्त जमिनीत ‘डबल डी’ शांत राहते. पत्रकातल्या तीन कॉइलपैकी कोणती कशी बांधलेली आहे याचा उल्लेखच नाही. आकार आणि बांधणी दोन्ही एकदम बदलली असतील, तर निकालाचे श्रेय कोणाला द्यायचे?

रुपया म्हणजे सोने नव्हे

प्रात्यक्षिकात नाणे वापरले होते रुपयाचे. वर्गात एक चुंबक आणा आणि हे नाणे त्याला लावून पाहा. १९९२ पासून चलनात आलेली रुपयाची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. सोने चिकटत नाही. कॉइलच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत. शिवाय नाणे ही सपाट, रुंद चकती असते आणि यंत्रवाला ती कॉइलला समांतर, म्हणजे सर्वांत सोयीच्या स्थितीत धरतो.

खरा सोन्याचा खडा कसा असतो? सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. म्हणून एक ग्रॅम सोन्याच्या गोळीचा व्यास साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरतो. अनेक यंत्रे कॉइलला धारेचे झटके देतात आणि झटका थांबल्यावर उरलेला प्रतिसाद ऐकतात. शुद्ध सोन्याच्या या गोळीतल्या भोवरा-धारा सुमारे २८ मायक्रोसेकंदांत बऱ्याच ओसरतात. दहा पट हलक्या गोळीत त्या ६ मायक्रोसेकंदांतच ओसरतात. निसर्गातल्या सोन्यात चांदी मिसळलेली असते, त्यामुळे त्याची वाहकता बरीच कमी होते आणि खडा सच्छिद्र, वेडावाकडा असेल तर प्रतिसाद आणखी लवकर विरतो. कॉइल आणि यंत्र मिळून इतक्या लवकर ऐकू लागतात का, हा खरा प्रश्न आहे. तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

जमीन नावाचा रकाना

पण या तक्त्याचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्यात जमीनच नाही. सगळी अंतरे हवेत मोजलेली आहेत.

माण, खटाव, आटपाडी, खानापूर हा पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. इथली माती बसाल्टपासून, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्हाच्या खडकापासून झाली आहे. या खडकात मॅग्नेटाइट जातीची, लोह आणि टायटॅनियम असलेली चुंबकीय खनिजे असतात. पाहायचे असेल तर चुंबक कागदात गुंडाळून ओढ्याच्या कोरड्या वाळूत फिरवा. कागदाला काळ्या कणांची दाढी फुटते. हे कण धातू नाहीत, पण कॉइलच्या क्षेत्राला प्रतिसाद देतात. आणि खडा कॉइलपासून काही सेंटिमीटर दूर असतो, माती मात्र थेट कॉइलच्या तोंडाशी असते.

चांगल्या यंत्रात जमिनीचा हा प्रतिसाद वजा करण्याची सोय असते. ती काम करते ते जमीन सगळीकडे सारखी असेल तर. पण काही कण फार खोडकर असतात. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढ्या आकाराच्या आसपासचे हे कण कॉइलची हाक थांबल्यावरही लगेच शांत होत नाहीत, मागून प्रतिसाद देत राहतात. धातूमधल्या भोवरा-धाराही तेच करतात. त्यामुळे यंत्राला दोघांतला फरक ओळखणे अवघड जाते.

असे कण माती भाजल्यावर वाढतात. चूल, वीटभट्टी, कुंभाराचा आवा, भाजलेले खापर या सगळ्यांत ते असतात. आता आठवा, गुप्तधन शोधणारे कुठे जातात? जुन्या वस्तीच्या जागी, पांढरीवर. पांढरीच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि फुटलेली मडकी मिसळलेली असतात. यंत्र तिथे वाजले तर नवल नाही, ते चुलीची खबर देत असते. सरांनी शेतातली खापरे जपून ठेवली होती. मी गेले तेव्हा आम्ही ती चुंबकीय होकायंत्राच्या सुईजवळ नेली. सुई हलली. मुलांना उत्तर मिळाले.

ही अडचण आपल्या भागापुरती नाही. हवाई बेटांपैकी काहोओलावे या बसाल्टच्या बेटावर अमेरिकी नौदल अनेक दशके बॉम्बफेकीचा सराव करत असे. १९९० मध्ये तो थांबला. पुढे न फुटलेले बॉम्ब शोधण्याचे काम सुरू झाले तेव्हा उत्तम उपकरणांनाही तिथल्या चुंबकीय तांबड्या मातीने सतावले. बॉम्बसारखी मोठी लोखंडी वस्तू शोधताना ही अवस्था, तर ज्वारीच्या दाण्याची काय कथा! ऑस्ट्रेलियातल्या सोनेशोधकांनाही लोहयुक्त तांबड्या जमिनीचा असाच त्रास होत आला आहे. अशा जमिनीत मोठी कॉइल जास्त माती ‘ऐकते’, म्हणून गोंधळही जास्त ऐकते. शिवाय विहिरीवरच्या मोटारींच्या वीजतारा जवळ असल्या, तर त्यांची गुणगुणही मोठ्या कॉइलला जास्त टोचते. तेव्हा हवेत पहिला नंबर मिळवलेली कॉइल तालीच्या कडेला शेवटची ठरू शकते.

इथे सोन्याचे खडे आहेत का?

वाळवंटात खडे का सापडतात? तिथल्या फार प्राचीन खडकांत गारेच्या शिरा असतात आणि काही शिरांत सोने असते. खडक झिजतो, सोने झिजत नाही. हलका गाळ वारा आणि पाणी नेतात, जड खडा जवळच राहतो. म्हणजे खडा सापडायला आधी तसा खडक हवा. कर्नाटकात कोलार आणि हट्टी इथे तसे प्राचीन खडक आहेत.

सातारा-सांगलीत त्यांच्यावर लाव्हाचे जाड पांघरूण आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल छिद्रे घेतली गेली. त्या संशोधनासाठी कराडला प्रयोगशाळाही आहे. तिथल्या एका छिद्रात सुमारे ९३० मीटर बसाल्ट ओलांडल्यावर खालचा प्राचीन ग्रॅनाइट लागला. पूर्वेकडे पांघरूण पातळ होत जाते, तरी कॉइलच्या दृष्टीने तेही अपार आहे. जिथे हातभर खोलीसाठी कॉइल झगडते, तिथे शेकडो मीटर खाली काय आहे याची चर्चाच नको. माणदेशातल्या मातीत नैसर्गिक सोन्याच्या खड्यांसाठी कोणती कॉइल चांगली, याचे उत्तर ‘कोणतीच नाही’ असे आहे. शून्याला कितीनेही गुणले तरी शून्यच.

गंमत अशी की सोने ओळखणारी माणसे याच मुलखातली. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव इथले गलाई कारागीर देशभरच्या शहरांत सोने-चांदी गाळून शुद्ध करतात. सोनाराच्या दुकानातली झाडलोट धुऊन तिच्यातले कण काढणारे झारेकरीही आपल्याकडे होते. त्यांची पद्धत कॉइलपेक्षा किती साधी! सोने जड आहे आणि आम्लाला सहसा दाद देत नाही, हे दोन गुणधर्म पकडून ते काम करत. आणि सोने जिथे असण्याचे कारण आहे, तिथेच ते शोधत.

तुलना कशी असावी?

नुसता दोष काढून परीक्षण संपवू नये. न्याय्य तुलनेचे नियम वर्गात मुलांकडूनच काढून घेता येतील. यंत्र एकच ठेवायचे आणि फक्त कॉइल बदलायची. कॉइलची बांधणी सारखी ठेवून आकार बदलायचा, मग आकार सारखा ठेवून बांधणी बदलायची. लक्ष्यवस्तू खऱ्या कामाशी मिळतीजुळती घ्यायची. जमीन तीच, जिथे यंत्र वापरायचे आहे. कॉइल फिरवण्याचा वेग आणि जमिनीपासूनची उंची सारखी. आणि किती वेळा सापडले याबरोबर किती वेळा उगाच वाजले, हेही लिहायचे. पत्रकात हा शेवटचा आकडा कधीच नसतो. आपल्या शेतकऱ्याचे नुकसान मात्र त्याच आकड्याने केले.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की शोधणाऱ्याला उत्तर माहीत नसावे. शाळेच्या आवारात दहा सारखे खड्डे घ्या. प्रत्येक खड्ड्यासाठी नाणेफेक करा. छापा आला तर त्यात वस्तू पुरा, काटा आला तर काचेची गोटी पुरा. रिकामे खड्डेही खणून बुजवायचेच, कारण हलवलेली माती वेगळी वाजू शकते. पुरणारा निघून गेल्यावर दुसऱ्याने यंत्र चालवायचे. निव्वळ अंदाजाने दहाही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक आहे. पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या फांदीलाही हीच परीक्षा लावता येते. पाणाड्याचा अपमान न करता, शांतपणे.

विद्यार्थ्यांना एवढे मात्र नक्की सांगावे की कुणाच्या शेतात किंवा जुन्या वास्तूभोवती यंत्र घेऊन खणत सुटायचे नाही. भूमिगत निधीविषयीचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी प्रकारांना महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे होते. यंत्र अघोरी नसते हे खरे. पण न तपासलेल्या यंत्रावर ठेवलेला विश्वास मांत्रिकावरच्या विश्वासापेक्षा फार वेगळा नसतो.

सरांना मी उत्तर पाठवले : तिन्ही कॉइल खऱ्या आहेत, तक्ता अपुरा आहे. पुन्हा कोणी यंत्र घेऊन आले तर त्याला देवळासमोर नाणे दाखवू देऊ नका, शाळेत बोलवा. दहा खड्डे तयार ठेवा.

सरांचे उलटटपाली पत्र आले. खड्डे मुलांनी घेतले आहेत. आणि सुट्टीत त्या शेतकऱ्याची ताल पुन्हा घालायला नववीचा वर्ग जाणार आहे.